मंगळवारी बंद पडणारं इंजिन

माझ्या गिऱ्हाइकांना इंजिनाचा एकच आजार माहीत होता. "दम नाही." संत्र्यावर फवारायचा पंप आणला तरी दम नाही, विहिरीवरचं डिझेल इंजिन असलं तरी दम नाही, वीस वर्षं घासलेली स्कूटर असली तरी तेच. कधीपासून? "परवापासून." म्हणजे कमीत कमी सहा महिने. आधी कोणी उघडलं होतं का? "नाही जी, कोनीच नाही." आणि आत पाहावं तर अर्धे स्क्रू गायब आणि पॅकिंगच्या जागी वहीचा पुठ्ठा कापून बसवलेला. सौंसरला बस स्टँडच्या मागे मी चौतीस वर्षं दुकान चालवलं. त्यातला निम्मा वेळ मशीन उघडण्यात गेला आणि निम्मा माणसांवर वैतागण्यात.

आता दुकान पुतण्याच्या हवाली आहे. मी सकाळी जाऊन खुर्चीवर बसतो, चुका काढतो आणि जेवायला घरी येतो. दिवाळी अंकासाठी काही लिहा असा निरोप आल्यावर बायको म्हणाली, "चांगल्या दुरुस्त्या लिहा, लोकांले आवडतात." चांगल्या दुरुस्त्या माझ्या ध्यानातच नाहीत. ध्यानात आहे ते बोटीचं इंजिन.

आमच्या भागात समुद्र नाही, हे सांगायला नको. पण धरण झालं तेव्हा तलावाच्या पलीकडे वीस-बावीस घरांचा एक टोला राहून गेला. तलावाला वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस जातो, तोही रस्ता सुका असेल तर. म्हणून इकडच्या मासेमारांच्या समितीनं एक फायबरची बोट आणि पंचवीस हॉर्सपॉवरचं जुनं इंजिन विकत घेतलं होतं. कुठल्याशा सहलीच्या ठिकाणी दहा-बारा वर्षं राबून निघालेलं. याला आउटबोर्ड म्हणतात. बोटीच्या मागच्या फळीवर ते टांगायचं, वरती इंजिन, खाली पाण्यात पंखा. पेट्रोलची टाकी वेगळी असते, बोटीत ठेवायची, तिथून एक रबरी पाइप इंजिनापर्यंत. पाइपाच्या मधोमध लिंबाएवढा रबरी फुगा असतो. सुरू करण्याआधी तो दाबून पेट्रोल पुढे ढकलायचं.

बोट चालवायचा गोपाळ. तिशीतला, अंगानं काटक, बोलायला कमी. त्याचे वडील वल्ह्यानं नाव चालवत आलेले. हा त्या घरातला इंजिनवाला पहिलाच. पहिल्यांदा तो इंजिन पिकअपमध्ये घालून माझ्याकडे आला तेव्हा मी विचारलं, "काय झालं?"

"दम नाही जी."

मी कपाळावर हात मारला.

तेव्हा दोष सरळ होता. जुनं पेट्रोल महिनोन्‌महिने आत राहिलं की त्याचा चिकट थर जमतो आणि कार्बोरेटरची बारीक भोकं बुजतात. दोन सिलिंडरांपैकी एकाचा प्लग काळा पडून मेला होता. म्हणजे पंचवीसमधले निम्मे घोडे घरी बसलेले. कार्बोरेटर धुतला, प्लग बदलले. हे इंजिन पाण्यानं थंड होतं, कोरडं चालवता येत नाही. म्हणून दुकानाच्या मागे लोखंडी ड्रम कापून त्यात पाणी भरलं, इंजिन ड्रमच्या काठाला टांगलं, माझ्या कॅनमधून पेट्रोल दिलं आणि दोरी ओढली. असं काही गुरगुरलं की बस स्टँडवरची माणसं पाहायला आली. ड्रममधलं पाणी उसळून माझी पँट भिजली. गोपाळ हसला आणि घेऊन गेला.

वीस दिवसांनी परत.

"आवाज मोठा येते, पन बोट सरकत नाही."

हा वेगळा रोग. पंख्याच्या मधोमध एक रबराची बुश असते. पंखा दगडाला अडला तर झटका रबरानं खावा, गिअरचे दात वाचावेत, म्हणून. ते रबर जुनं झालं की दांडा आतल्या आत फिरतो आणि पंखा मागे राहतो. ड्रममध्ये हे समजत नाही, कारण तिथे ढकलायला बोटच नसते. मी रबरावर आणि त्याच्या आतल्या पितळी नळीवर मिळून रंगाची एक सरळ रेघ मारून दिली आणि म्हटलं, एक चक्कर मारून आण. आणली तेव्हा रेघ तुटून दोन्ही तुकडे दोन दिशांना. नागपूरला तीन दुकानं फिरलो, सुटा भाग मिळाला नाही, शेवटी एका ओळखीच्या माणसाकडून नवं रबर दाबून बसवून आणलं. माझ्या मनात आलं, आता तरी सुटलो.

पंधरा दिवसांनी फोन. तिसरा रोग. बोट निघते चांगली, दहा-पंधरा मिनिटांनी इंजिन मंदावतं, गुदमरल्यासारखं करतं आणि मध्यभागी बंद पडतं. थोडं थांबलं की पुन्हा सुरू होतं, पाच मिनिटं चालतं, पुन्हा बंद.

मी फोनवरच विचारलं, "टाकीच्या झाकणावर हवेचा स्क्रू आहे, तो उघडतोस का?"

हा स्क्रू म्हणजे साधी गोष्ट. टाकीतून पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला पाहिजे. नाही आली तर टाकी आतून ओढली जाते आणि एका वेळेनंतर पेट्रोल येणंच थांबतं. बोट चालवताना तो स्क्रू ढिला करायचा, संध्याकाळी टाकी उचलून ठेवताना बंद करायचा.

"रोज सकाळी मीच उघडतो जी," गोपाळ म्हणाला.

"पक्कं?"

"पक्कं."

मग ते कारण बाद. इंजिन आण म्हटलं. आणलं. ड्रमला लावलं, माझ्या कॅनवर तासभर चालवलं. एकदाही खोकलं नाही. पाइपाचा एक जोड बदलला, फुगा बदलला, पाठवून दिलं. परत तेच. पुन्हा आणलं, पुन्हा ड्रममध्ये ठणठणीत. दुकानात आणलं की निरोगी आणि पाण्यात गेलं की आजारी. चार वेळा झालं हे. माझं डोकं फिरायची वेळ आली. येणारा-जाणारा सल्ले देऊ लागला. एक म्हणे पेट्रोलात भेसळ आहे. एक म्हणे ऑइल जास्त पडतं. संत्र्याच्या बगीच्यावाल्या एका गिऱ्हाइकानं तर सांगितलं, शनिवारी जामसांवलीच्या देवळात इंजिन नेऊन नारळ फोडा. त्याला म्हटलं, तुमच्या पंपाची पॅकिंग तुम्ही पुठ्ठ्याची टाकता, आधी त्यासाठी फोडा.

गोपाळचं मात्र एकच म्हणणं. "मिस्त्री, तुम्ही बोटीत बसून पाहा ना एकदा."

मी दर वेळी काहीतरी सांगायचो. दुकानात गर्दी आहे, मोसम आहे, पुतण्या नाही. खरी गोष्ट आता या वयात लिहायला हरकत नाही. मला पोहता येत नाही आणि पाण्याची भीती वाटते. गुडघ्याच्या वर पाणी आलं की माझे पाय माझे राहत नाहीत. आयुष्यभर पाण्याचे पंप दुरुस्त करणारा माणूस पाण्याला भितो, हे बाजारात सांगणार कसं?

आणखी एक गोष्ट गोपाळ सांगायचा, आणि तिनंच सगळा घोटाळा केला. "हे फक्त मंगळवारी होते," तो म्हणायचा. "बाकी दिवस आमचे लोक जाळी घेऊन जातात, मजाल आहे बंद पडंल! मंगळवारी सिस्टर बसली का मरते."

पुष्पा सिस्टर आरोग्य विभागाकडून टोल्यावर लस द्यायला जायच्या. दर मंगळवारी, लसीचा थंड डबा मांडीवर घेऊन. वयानं पन्नाशीच्या, कडक, कामाला पक्क्या. त्यांनी टोल्यावरचं एकही मूल लसीविना ठेवलं नव्हतं. अशा बाईबद्दल कोणी म्हणावं की ती बसली की बोट बंद पडते? मी गोपाळला झापलं. "इंजिनाले बाई-माणूस समजते का रे? असं बोलू नको."

"मी तसं नाही म्हनून राहिलो जी. जे होते ते सांगून राहिलो."

"गप राह्य."

ते बोलणं फिरत फिरत सिस्टरच्या कानावर गेलं. त्यात एका मंगळवारी बोट मध्यभागी दोन तास अडकली. वारा सुटलेला, बोट वाहत वाहत सुकलेल्या झाडांच्या खोडांत गेली, डब्यातला बर्फ वितळला आणि लस टाकून द्यावी लागली. दुसऱ्या दिवशी सिस्टर समितीच्या अध्यक्षांकडे गेल्या. त्या भयंकर चिडल्या होत्या आणि त्यांचं चुकलं असं कोणी म्हणू शकत नव्हतं.

अध्यक्षांनी मला बोलावलं. तिथे सिस्टर होत्या, समितीचे चार लोक होते आणि दाराशी गोपाळ उभा होता.

"काका," सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही दर वेळी दुरुस्त करता आणि दर वेळी मी पाण्यात अडकते. आणि वरून हा मला अपशकुनी म्हणतो."

"मी तसं नाही म्हटलो," गोपाळ म्हणाला. कोणी ऐकलं नाही.

अध्यक्ष माझ्याकडे वळले. "मिस्त्री, एकदाचं सांगा. इंजिन खराब आहे का चालवणारा?"

इतक्या वर्षांत माझ्या कामावर असं कोणी चारचौघांत बोट ठेवलं नव्हतं. माझ्या ड्रममध्ये इंजिन तासतासभर चालत होतं. मग दोष कुठे? मी म्हणालो, "मशीन बरोबर आहे. हाताळणीत चूक आहे."

"लिहून देता?"

मी दुकानाच्या बिलबुकाचं पान फाडलं आणि लिहून दिलं. खाली सही केली. गोपाळनं माझ्याकडे एकदा पाहिलं. चपला घातल्या आणि निघून गेला. आठ दिवसांत बोटीवर अध्यक्षांच्या मेहुण्याला बसवलं.

पुढच्या तीन मंगळवारी बोट तीनदा बंद पडली.

आता हाताळणारा दुसरा होता. म्हणजे माझा कागद खोटा. अध्यक्षांनी फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी पुतण्याला म्हटलं, उद्या दुकान तू पाहा, मी तलावावर जातो. तो म्हणाला, "काका, तुम्ही? बोटीत?" मी त्याच्यावर ओरडलो आणि पान्यांची पिशवी भरली.

मंगळवार होता. काठावर सिस्टर डबा घेऊन उभ्या. त्यांनी मला नमस्कार केला नाही. बोटीत बसायला दोन आडव्या फळ्या होत्या. मागच्या फळीवर कापडाची सावली, तिथेच पायाशी पेट्रोलची टाकी. लसीच्या डब्याला ऊन नको म्हणून सिस्टर नेहमी तिथे बसायच्या. पण मला इंजिन पाहायचं म्हणून मी ती जागा मागितली. खरं तर ती जागा बोटीच्या कडेला लागून नव्हती म्हणून मागितली. सिस्टर तोंड वाकडं करून डबा पदराखाली घेऊन पुढे बसल्या. मी एका हातानं फळी आणि दुसऱ्या हातानं टाकीची कडी धरली. काठ मागे गेला तसा मी डोळे मिटले. पण कान उघडे होते. इंजिन एका सुरात चाललं होतं. दहा मिनिटं, पंधरा, वीस. पलीकडचा काठ बोटीला लागला तरी ते थकलं नाही.

मी उतरलो तो छाती वर करूनच. "पाहा," मी सिस्टरना म्हणालो. "मशीनमध्ये दोष नाही."

"यायचं आहे अजून," त्या म्हणाल्या.

परत यायला दुपार झाली. टोल्यावरच्या एका सुनेला कळा सुरू झाल्या होत्या, पहिलंच बाळंतपण. सिस्टरनी तपासलं आणि म्हणाल्या, इथे होणार नाही, दवाखान्यात न्यावं लागेल. मुलीला पुढच्या भागात गोधडीवर आडवं केलं, सासू तिच्या उशाशी. मला तिथेच कोपऱ्यात टेकवलं आणि सिस्टर आपल्या रोजच्या फळीवर बसल्या, पोरीचे पाय त्यांच्या बाजूला येतील असं.

निम्म्या वाटेवर इंजिनाचा आवाज बदलला. मला तो आवाज चांगला माहीत होता; पेट्रोल कमी पडल्यावर इंजिन असंच करतं. मंदावलं, दोन ठोके चुकले, बंद.

एकदम शांत झालं. मग पोरगी कण्हली. सासू रडायला लागली. अध्यक्षांचा मेहुणा दोरी ओढून ओढून घामाघूम झाला आणि माझ्याकडे पाहून ओरडला, "पाहून काय राहिले मिस्त्री? करा ना काही!"

मला हालता येत नव्हतं. चारी बाजूंनी पाणी आणि बोट आडवी होऊन डुलत होती. सिस्टर म्हणाल्या, "काका, या पोरीकडे तास-दोन तास नाहीत." त्या ओरडल्या नाहीत, साध्या आवाजात बोलल्या. मी चार पायांवर आलो आणि रांगत मागे सरकलो. लिहायला लाज वाटते, पण रांगतच गेलो.

पाइपावरचा फुगा हातात घेतला तर तो चपटा झालेला. दाबला तर परत फुगेना. म्हणजे पुढून इंजिन ओढत होतं आणि मागून काही येत नव्हतं. पाइप धरून टाकीपर्यंत गेलो. टाकीच्या दोन्ही बाजू आत गेलेल्या, आजारी माणसाच्या गालासारख्या. झाकणावर हात फिरवला. हवेचा स्क्रू घट्ट बंद. नुसता बंद नाही, कसून आवळलेला.

पक्कडीनं ढिला केला. टाकीनं मोठा श्वास घेतला, बाजू टण्णकन बाहेर आल्या. फुगा चार वेळा दाबला, दोरी ओढली. दुसऱ्या ओढीला इंजिन सुरू.

मी मेहुण्याला विचारलं, "हा कोनं बंद केला?"

"मी नाही! मी सकाळी उघडला, तुमच्यासमोर!"

"मी केला," सिस्टर म्हणाल्या.

आम्ही दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"ढिला असतो तो नेहमी. पेट्रोलचा वास येतो, मला मळमळतं. एकदा साडीवरही सांडलं. म्हणून मी बसले की आवळून देते." मग त्यांना आमचे चेहरे दिसले. "का? तो बंद करायचा नसतो?"

त्यांना थोड्या वेळात आपोआप समजलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला आणि काठ येईपर्यंत तो काढला नाही.

गोपाळ सकाळी स्क्रू उघडायचा, हे खरं होतं. सिस्टर बसल्या की मरते, हेही अक्षरशः खरं होतं. बोट अडकली की तो इंजिनाशी झटायचा. सिस्टरच्या पायाशी, पदराआड असलेला, आपणच सकाळी उघडलेला स्क्रू पुन्हा तपासायचं त्याच्या मनात येत नसे. संध्याकाळी टाकी उचलताना तो बंद दिसे, आणि संध्याकाळी तो बंदच असायला हवा. आणि माझ्याकडे कधी ती टाकी आलीच नाही. मी नुसतं इंजिन मागवायचो आणि माझ्या कॅनवर चालवायचो. एकदा बोटीत बसलो असतो तर पहिल्याच मंगळवारी सापडलं असतं.

पोरगी वेळेवर दवाखान्यात पोचली. मुलगी झाली. दोघी चांगल्या आहेत.

मी अध्यक्षांकडे जाऊन माझा कागद परत मागितला आणि त्यांच्यासमोर फाडला. सिस्टर माझ्याबरोबर आल्या होत्या. "चूक माझ्या हातानं झाली, त्या पोराला परत घ्या," असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मला तर माहीत असायला पाहिजे होतं. अध्यक्षांनी मेहुण्याकडे पाहिलं, मग म्हणाले, बोलवा त्याले.

गोपाळ पांढुर्ण्याला संत्र्याच्या एका व्यापाऱ्याकडे क्रेट चढवायचं काम करत होता. मी दुसऱ्या दिवशी गेलो. तो ट्रकवर उभा होता. मी खालूनच सगळं सांगितलं: स्क्रू, सिस्टर, कागद. त्यानं ऐकून घेतलं आणि हातातलं क्रेट जागेवर ठेवलं.

"बसले होते मंग बोटीत?"

"बसलो."

"चांगलं केलं." तो खाली उतरला, गमछ्यानं हात पुसले. "मले नका सांगू, मिस्त्री. मले माहीतच होतं. माझ्या बापाले सांगा. महिना होऊन गेला, माझ्याशी बोलून नाही राहिला. लोकांची बोट खराब केली म्हनते. तुमचा कागद होता ना, तुमची सही."

आम्ही बसनं त्याच्या गावी गेलो. रामाकोन्याला उतरून पुढे पायी. म्हातारा ओट्यावर बसून जाळं विणत होता. गोपाळला पाहून त्यानं मान फिरवली. मी समोर बसलो, हात जोडले आणि म्हणालो, "बाबा, बोटीचं जे झालं त्यात गोपाळची चूक नव्हती. माझी चूक झाली."

म्हाताऱ्यानं कानामागे हात धरला. "का म्हनता?"

गोपाळ म्हणाला, "त्याईले कमी ऐकू येते."

मी आवाज चढवला. "माझी चूक झाली!"

"कोनाची?"

शेजारच्या दोन बाया दारात आल्या. समोरच्या पारावरची माणसं वळून पाहायला लागली. मी उभा राहिलो आणि पूर्ण जोर लावून ओरडलो, "माझी! मी खोटं लिहून देल्लं! गोपाळनं काहीच नाही केलं!"

म्हातारा माझ्याकडे पाहत राहिला, मग पोराकडे वळला. हातातलं जाळं बाजूला ठेवलं, ओट्यावर सरकून गोपाळला बसायला जागा केली आणि मला म्हणाला, "मंग इतकं हळू काहून बोलून राहिले होते?"